रिकाम्या हातांचे भय : ‘सर्व्हायव्हल हॉरर’ खेळांच्या लोकप्रियतेचा एक विचार

लौकिक जीवनात ज्या भावनेपासून माणूस दूर पळतो, तीच भावना कलेत तो पुन्हा पुन्हा का अनुभवू पाहतो, हा प्रश्न रसविचाराइतकाच जुना आहे. भयानक रसाच्या संदर्भात तो विशेष तीव्रतेने उभा राहतो. अभिनवगुप्तांनी ह्याचा विचार करताना ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील हरिणाचे उदाहरण घेतले आहे. दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन पळणारे ते हरिण प्रेक्षकाला प्रतीत होते. पण हे अमुक हरिण आणि ह्याला भिवविणारा अमुक राजा, ह्या विशेषांचा लोप होतो आणि स्थलकालाच्या मर्यादेतून सुटलेले केवळ भय तेवढे प्रतीतीला येते. ‘मी भ्यालो आहे’ किंवा ‘तो भ्याला आहे’ अशा स्वरूपाचे ज्ञान तेथे उरत नाही. ते उरले, तर टाळण्याच्या वा मिळविण्याच्या व्यावहारिक प्रेरणा जाग्या होतात आणि रसास्वादात विघ्न येते.

गेल्या तीन दशकांत जगभर लोकप्रिय झालेल्या एका करमणूक-प्रकाराने ह्या उपपत्तीपुढे अडचण उभी केली आहे. ‘सर्व्हायव्हल हॉरर’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये हरिणाला पळविण्याचे काम प्रेक्षकाकडेच सोपविलेले असते. पळावे की थांबावे, कोणते दार उघडावे, उरलेली गोळी आता खर्चावी की पुढच्या प्रसंगासाठी राखावी, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. निर्णय चुकला, तर पडद्यावरील पात्र मरते आणि खेळणाऱ्याचे तासाभराचे श्रम वाया जातात. म्हणजे अभिनवगुप्तांनी ज्याला विघ्न मानले, तेच येथे रचनेचे मूलतत्त्व झाले आहे. असे असूनही ह्या खेळांतून कलानुभव म्हणता येईल असे काही हाती लागते काय? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, लागते. आणि ते लागते ह्याचे कारण ह्या खेळांनी खेळणाऱ्याचे हात मुद्दाम रिकामे ठेवले. ह्या प्रकाराच्या लोकप्रियतेचा इतिहास हा बऱ्याच अंशी ते हात भरत गेल्याचा, आणि भरल्या हातांनी भयाचे काय होते ह्याचा इतिहास आहे.

व्हिडिओ गेमचा विचार वाङ्मयसमीक्षेने का करावा, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांना मोठा वाचकवर्ग लाभला. परंतु वाचक बहुसंख्य आहेत ह्याच कारणाने असे लेखन गंभीर चर्चेच्या परिघाबाहेर राहण्याकडे आपल्या समीक्षेचा कल राहिला. लोकप्रियता हा गुण नाही हे खरेच, पण ती दोषही नाही. कथानक, पात्र, निवेदनाचा दृष्टिकोन, अवकाश आणि काळ यांची विशिष्ट घडण करून भावनेचा प्रत्यय देऊ पाहणारा कोणताही प्रकार समीक्षेच्या कक्षेत येतो. ह्या खेळांत ही सारी घडण आहे. शिवाय तीत एक घटक नवा आहे. तो म्हणजे आस्वादकाची कृती.

ह्या प्रकाराची वंशावळ पाहिली, तर तिचा आरंभ दोन ओसाड वाड्यांपाशी होतो. १९८९ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्वीट होम’ हा खेळ प्रसिद्ध केला. कियोशी कुरोसावा यांच्या त्याच वर्षीच्या चित्रपटावर तो आधारलेला होता आणि तोकुरो फुजिवारा यांनी तो घडविला होता. एका दिवंगत चित्रकाराच्या भित्तिचित्रांच्या शोधात पाच माणसे त्याच्या वाड्यात शिरतात आणि आत अडकतात. प्रत्येकाजवळ एकेक उपयुक्त वस्तू असते. आणखी वस्तू जवळ बाळगायला मात्र फारच थोडी जागा असते. ह्या पाचांपैकी जो मरेल तो पुन्हा उठत नाही. उरलेल्यांना त्याच्यावाचूनच पुढे जावे लागते. मृत्यूला अपरिवर्तनीय करणे ही त्या काळच्या खेळांत असाधारण गोष्ट होती. तीन वर्षांनी, १९९२ साली, फ्रान्समध्ये फ्रेडरिक रेनाल यांनी ‘अलोन इन द डार्क’ घडविला. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कल्पिलेला डेर्सेटो नावाचा वाडा, लव्हक्राफ्टच्या कथाविश्वाची छाया, आणि खोलीच्या कोपऱ्यातून, छताजवळून वा खिडकीबाहेरून रोखलेला स्थिर कॅमेरा ही त्याची वैशिष्ट्ये. पाहणारा डोळा पात्राबरोबर चालत नसे. तो आधीच कोठेतरी दबा धरून बसलेला असे.

हे दोन्ही प्रवाह १९९६ साली शिंजी मिकामी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘बायोहॅझर्ड’ ह्या खेळात एकत्र आले. जपानबाहेर तो ‘रेसिडेंट ईव्हिल’ म्हणून ओळखला जातो. फुजिवारा ह्या खेळाचे निर्माते होते आणि मुळात ‘स्वीट होम’चा नवा अवतार म्हणूनच त्याची कल्पना झाली होती. स्थिर कॅमेऱ्याबाबतचे ‘अलोन इन द डार्क’चे ऋण मिकामी यांनी पुढे मान्य केले. ‘सर्व्हायव्हल हॉरर’ हे नाव ह्याच खेळाने रूढ केले. पोलिसांच्या एका खास पथकातील माणसे डोंगरातल्या वाड्यात आश्रय घेतात. तेथे चालती प्रेते आहेत, आणि ह्या साऱ्यामागे एका औषध कंपनीचे गुप्त प्रयोग आहेत, असे त्याचे कथानक. ते फारसे अपूर्व नाही, आणि मूळ आवृत्तीतील संवाद तर बाळबोध म्हणावेत असे आहेत. ह्या खेळाचे सामर्थ्य कथानकात नसून त्याच्या जमाखर्चात आहे.

जमाखर्च हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. ख्रिस ह्या पात्राला जवळ सहा वस्तू बाळगता येतात, जिल हिला आठ. पिस्तूल, गोळ्या, औषधी वनस्पती, किल्ली यांतील प्रत्येक वस्तू एक जागा अडविते. किल्ली घ्यायची तर औषध मागे ठेवावे लागते. गोळ्या मोजक्या, म्हणून समोरचे प्रेत पाडावे की अंग चोरून त्याच्या बाजूने निसटावे, हा प्रत्येक वेळी नवा प्रश्न. झालेली वाटचाल नोंदवून ठेवण्यासाठी सुद्धा टाइपरायटर आणि त्याची रिबन लागते; रिबनीही मोजक्याच. म्हणजे स्मृतीलाही येथे किंमत मोजावी लागते. इतर खेळांत सामर्थ्य वाढत जाणे हा प्रगतीचा अर्थ असतो. येथे प्रत्येक पावलागणिक काही ना काही खर्ची पडते आणि खेळणारा काटकसरीने जगायला शिकतो.

ह्या अभावाचा रसदृष्ट्या परिणाम काय होतो? भरतमुनींनी बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. सडलेली, चालती प्रेते हा बीभत्साचा विभाव आहे हे उघड आहे. परंतु सवयीने बीभत्स बोथट होतो. दहावे प्रेत पहिल्याइतके किळसवाणे वाटत नाही. अशा वेळी भय टिकवून धरते ती रिकामी होत चाललेली झोळी. दहावे प्रेत पहिल्याहून भयंकर वाटते, कारण गोळ्या तीनच उरलेल्या असतात. भयाचे कारण बाह्य विभावातून सरकून खेळणाऱ्याच्या स्वतःच्या पूर्वकृतींत येऊन बसते. मागच्या दालनात उधळलेली गोळी आता आठवते. हे भय प्रेताचे जितके आहे तितकेच स्वतःच्या निर्णयांचे आहे, आणि मुद्रित कथेला वा चित्रपटाला ते ह्या रीतीने निर्माण करता येत नाही. वाचक पात्रासाठी हळहळतो, पण पात्राच्या चुकीचा धनी होत नाही.

मात्र एवढ्यावर थांबलो, तर हे भय केवळ लौकिक ठरेल. वेळ वाया जाण्याची धास्ती आणि भयानक रस यांत अंतर आहे. ते अंतर हे खेळ कसे ओलांडतात, हे पाहण्यासाठी त्यांतील विरामांकडे लक्ष द्यावे लागते. ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये एका खोलीतून दुसरीत जाताना पडदा काळा होतो आणि एक दार सावकाश उघडताना दिसते. तबकडीवरून पुढील खोलीची सामग्री वाचून घेण्यास यंत्राला लागणारा वेळ झाकण्यासाठी ही योजना होती. तांत्रिक मर्यादेतून आलेली ही युक्ती आस्वादाच्या दृष्टीने मर्मस्थान ठरली. त्या काही क्षणांत खेळणाऱ्याला काहीही करता येत नाही. कृती थांबते आणि तो पुन्हा निव्वळ प्रेक्षक होतो. दारापलीकडे काय आहे हे ठाऊक नसते. अशा वेळी उरते ते नाव-गाव नसलेले भय. टाइपरायटर असलेल्या सुरक्षित खोलीत मंद संगीत वाजते, तेथेही असेच घडते. नुकतेच भोगलेले भय तेथे मागे वळून पाहिले जाते आणि पाहिले जात असतानाच आस्वाद्य होते. कृतीत विघ्न आणि विरामात रस, अशी ही लय आहे. हा रस अखंड नाही हे मान्य केले, तरी तो आहे हे नाकारता येत नाही.

ह्या लयीला सर्वाधिक गंभीर रूप कोनामी कंपनीच्या ‘सायलेंट हिल’ने दिले. केइचिरो तोयामा दिग्दर्शित हा खेळ १९९९ सालचा. त्याचा नायक हॅरी मेसन हा पोलीसही नाही आणि सैनिकही नाही. तो हरवलेल्या मुलीला शोधणारा एक लेखक आहे. त्याचा नेम चुकतो, त्याला धाप लागते. गावावर दाट धुके पसरलेले आहे. दूरची दृश्ये एकाच वेळी रेखाटण्याची शक्ती त्या काळच्या यंत्रात नव्हती, म्हणून निर्मात्यांनी धुक्याचा आणि अंधाराचा आश्रय घेतला. खिशातल्या रेडिओची खरखर वाढू लागली की काहीतरी जवळ आले आहे एवढेच कळते. ते दिसण्याआधी ऐकू येते, आणि ऐकू येण्याने सुटका होत नाही. अकिरा यामाओका यांच्या ध्वनिरचनेत यंत्रांचा गोंगाट आणि संगीत यांतील सीमारेषा पुसट झालेली आहे. साधनांच्या दारिद्र्यातून शैली कशी घडते, ह्याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

२००१ सालच्या ‘सायलेंट हिल २’ने भयानकाचा मार्ग करुणाकडे वळविला. जेम्स सन्डरलँड ह्याला त्याच्या मृत पत्नीचे पत्र येते आणि तो तिच्या शोधात ह्या गावी येतो. गावातली विद्रूप शरीरे त्याच्याच मनाची अपत्ये आहेत. रुग्णाईत पत्नीला त्यानेच मारले आहे, हे शेवटाकडे उघड होते. अपराधाची अशी कथा साहित्याला नवी नाही. नवे आहे ते तिच्या शेवटाचे गणित. हा खेळ खेळणाऱ्याच्या वागण्याकडे गुपचूप लक्ष ठेवतो. जेम्सच्या जखमांकडे त्याने दुर्लक्ष केले काय, दुसऱ्या एका दुःखी स्त्रीने दिलेली सुरी तो पुन्हा पुन्हा न्याहाळतो काय, की पत्नीचे छायाचित्र आणि पत्र काढून पाहतो, ह्यांवरून जेम्सचा शेवट ठरतो. जखमी शरीराची हेळसांड करणाऱ्याच्या वाट्याला जेम्सचा आत्मनाश येतो. खेळणाऱ्यापुढे निवड म्हणून काही मांडलेले नसते. आपल्या अनवधानाचाच अर्थ लावला जात होता, हे त्याला शेवटी उमगते. काटकसर म्हणून न वापरलेले औषध येथे जगण्याविषयीची उदासीनता म्हणून वाचले जाते. कृतीला आशयाशी इतके एकजीव करणारी रचना कोणत्याही कलेत आदरास पात्र ठरावी.

ह्या खेळांचा प्रभाव त्यांच्या परिघाबाहेर पसरला, आणि तो लक्षणीय आहे. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने चालत्या प्रेतांचा आधुनिक चित्रपट घडविला होता, ‘रेसिडेंट ईव्हिल’ने त्याच्याकडून उसनवारी केली आणि व्याजासह परतफेडही केली. रोमेरो यांनीच १९९८ सालच्या दुसऱ्या खेळाची जपानी दूरचित्रवाणीवरील जाहिरात दिग्दर्शित केली. २००२ साली ह्या खेळावरून पॉल अँडरसन यांचा चित्रपट आला आणि त्याची मालिका झाली. त्याच वर्षीच्या ‘ट्वेंटी-एट डेज लेटर’चे पटकथाकार अॅलेक्स गारलँड यांनीही आपल्या प्रेरणांत ह्या खेळाचा निर्देश केला आहे. पुढे २०१३ सालच्या ‘द लास्ट ऑफ अस’ने ह्या परंपरेतील टंचाई आणि अपत्यशोकाची कथा यांचा मेळ घातला. त्यावरील दूरचित्रवाणी मालिका २०२३ साली आली आणि कधी खेळाचे यंत्र हाती न धरलेल्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. ‘रेसिडेंट ईव्हिल’ मालिकेच्या दहा कोटींहून अधिक प्रती आजवर खपल्या आहेत.

परंतु प्रभाव म्हणजे नेमके काय पसरले, हे विचारणे आवश्यक आहे. चित्रपटात गेली ती प्रेते, उद्ध्वस्त शहरे, निर्दय कंपन्या, अर्थात विभावांची सामग्री. झोळीतील सहा जागा, मोजक्या रिबनी आणि आपल्या चुकीचे धनी होणे मागेच राहिले, कारण ते पडद्यावर दाखविता येत नाही. ते भोगावे लागते. अँडरसन यांच्या चित्रपटमालिकेची नायिका उत्तरोत्तर अजिंक्य होत जाते, आणि तिच्याबरोबर भय ओसरत जाते.

हीच गोष्ट खुद्द खेळांतही घडली, आणि येथे आपण लोकप्रियतेच्या खऱ्या समस्येशी येऊन पोहोचतो. २००५ साली मिकामी यांनी ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ घडविला. कॅमेरा कोपऱ्यातून निघून नायकाच्या खांद्यामागे आला. दबा धरणारा डोळा नेम धरणारा डोळा झाला. पाडलेल्या शत्रूंकडून गोळ्या मिळू लागल्या. शस्त्रे विकणारा आणि सुधारून देणारा व्यापारी वाटेत भेटू लागला. कौशल्याच्या दृष्टीने ही कृती अव्वल आहे यात शंका नाही. ‘गिअर्स ऑफ वॉर’, ‘डेड स्पेस’ यांसारख्या पुढच्या अनेक खेळांनी तिची दृष्टी उचलली. खांद्यामागील कॅमेरा सर्वत्र रूढ झाला. पण रसाच्या परिभाषेत बोलायचे, तर स्थायी भाव बदलला. भयाची जागा उत्साहाने घेतली आणि भयानकाचा वीर झाला.

ह्यात वाईट काय, असे कोणी विचारील. वीर हाही रसच आहे. परंतु भयानकाची सामग्री तशीच ठेवून तिच्यावर वीराचा स्थायी भाव बसविला, म्हणजे काय होते, ते २००९ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हिल ५’मध्ये दिसते. घटनास्थळ आफ्रिकेतील एक कल्पित प्रदेश. नायक गोरा अमेरिकन. त्याच्या बंदुकीसमोर धावून येणारे बहुतेक शत्रू कृष्णवर्णीय गावकरी. २००७ साली ह्या खेळाची पहिली झलक दाखविण्यात आली, तेव्हाच तिच्यावर वंशभेदाचा आक्षेप घेण्यात आला. ते गावकरी रोगजंतूंनी ग्रासलेले आहेत, असा खुलासा कथानकात आहे. नायकाची सहकारीही आफ्रिकन आहे. पण ह्या तपशिलांनी मूळ प्रश्न सुटत नाही. रिकाम्या हाताने समोरच्याला भिणे आणि भरल्या हाताने समोरच्याला भिणे, ह्यांत नैतिकदृष्ट्या फार मोठे अंतर आहे. पहिल्या भयात माणसाला स्वतःच्या दुबळेपणाची जाणीव होते. दुसऱ्या भयाला समोरचा माणूस निशाण म्हणून हवा असतो. साम्राज्यांनी आपल्या ताब्यातील प्रजेविषयी जे भय जोपासले ते ह्या दुसऱ्या जातीचे होते, आणि आपल्याकडेही जमावाच्या हातात शस्त्र असते तेव्हा तो भ्यालेलाच असतो. भयाचा आस्वाद निरुपद्रवी राहण्यासाठी भिणाऱ्याच्या हातात फार काही असू नये, ही अट ह्या खेळांच्या पहिल्या पिढीने तांत्रिक गरजेपोटी पाळली होती. तिचा नैतिक अर्थ ती मोडल्यावर स्पष्ट झाला. हा खेळ दीर्घकाळ त्या मालिकेतील सर्वाधिक खपाचा खेळ होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मुख्य प्रवाहात हात भरत असताना अभावाची परंपरा लहान निर्मात्यांनी जपली. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स ह्या छोट्या संस्थेने २०१० साली ‘अॅम्नीशिया’ आणला. त्यात शस्त्रच नाही. कंदिलाचे तेल मोजके. अंधारात राहावे तर चित्त ढळू लागते, उजेडात यावे तर दिसून जाण्याचे भय, आणि राक्षसाकडे नुसते पाहण्यानेही मनःस्वास्थ्य बिघडते. येथे पाहणे हीच एक खर्चिक कृती आहे. २०१४ साली स्कॉट कॉथन यांनी जवळजवळ एकहाती घडविलेल्या ‘फाइव्ह नाइट्स अॅट फ्रेडीज’मध्ये तर चालताही येत नाही. उपाहारगृहाच्या रात्रपाळीचा पहारेकरी खुर्चीत बसलेला आहे. दार बंद ठेवले की वीज खर्च होते, कॅमेऱ्यातून पाहिले की वीज खर्च होते, आणि पहाटेपर्यंत पुरेल इतकीच वीज आहे. सारी भयकथा विजेच्या टक्केवारीत मावलेली आहे. भारतीय वाचकाला ह्या टंचाईचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी.

ह्या दोन खेळांची लोकप्रियता मात्र एका अनपेक्षित वाटेने वाढली. असंख्य लोकांनी ते स्वतः न खेळता, दुसरा कोणी खेळत असताना पाहिले. घाबरून किंचाळणाऱ्या खेळणाऱ्याची चित्रफीत हाच एक स्वतंत्र करमणुकीचा प्रकार झाला. म्हणजे खेळाने नाहीसा केलेला प्रेक्षक मागल्या दाराने परत आला. निर्णयाची जोखीम दुसऱ्याची आणि आस्वाद आपला, अशी ही वाटणी वरवर पाहता रसशास्त्राला अनुकूल वाटते. पण घडले वेगळेच. पाहणाऱ्याला हरिणाचे भय प्रतीत न होता हरिणाची फजिती दिसली, आणि भयानकाचा हास्य झाला. कॅमेऱ्यासमोर भिणारा माणूस स्वतःच्या भयाचा नट बनतो आणि साधारणीकरण होण्याआधीच त्याची व्यक्ती पुढे येते. वीराप्रमाणे हास्यही भयाला पेलण्याची एक रीत आहे. मात्र त्यात मूळ अनुभवाचा विसर पडतो, एवढे नोंदविले पाहिजे.

अलीकडच्या काळात मोठ्या निर्मात्यांनीही माघारी वळून पाहिले आहे. २०१७ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हिल ७’ने युद्धभूमी सोडून लुइझियानातील एका कुजक्या घराचा आश्रय घेतला, जेथे डेर्सेटो वाडा उभा होता तेथेच, असे म्हणता येईल. २०१९ साली ‘रेसिडेंट ईव्हिल २’ आणि २०२४ साली पोलंडमधील ब्लूबर टीमने घडविलेला ‘सायलेंट हिल २’ हे जुन्या खेळांचे नवे अवतार आले. त्यांच्यापुढची अडचण मार्मिक आहे. आजच्या यंत्राला धुक्याची गरज नाही. दार उघडताना थांबण्याचीही नाही. जी शैली अभावातून जन्मली ती संपन्नतेत जाणीवपूर्वक पुन्हा घडवावी लागते. नव्या ‘सायलेंट हिल २’मध्ये धुके आहे, ते निवड म्हणून, आणि दोन्ही नव्या अवतारांत कॅमेरा कोपऱ्यातून खांद्यामागे आलेला आहे. म्हणजे चौथ्या खेळाचा विजय पहिल्याच्या स्मारकातही कोरलेला आहे. तरीही २०१९ सालच्या खेळात गोळ्या पुन्हा मोजाव्या लागतात, आणि कशानेच न मरणारा एक उंच मनुष्य जड पावलांनी मागावर राहतो. त्याच्यापुढे भरलेली बंदूकही रिकाम्या हातासारखीच असते.

ह्या साऱ्या विवेचनातून रसविचाराविषयी एक मर्यादित निष्कर्ष काढता येतो. आस्वादकाचे हितसंबंध गुंतले की रसहानी होते, हे तत्त्व ह्या खेळांनी खोटे ठरविलेले नाही. कृतीच्या ऐन क्षणी रस नसतोच. मात्र हितसंबंध गुंतवून नंतर त्यांतून क्षणभर सोडविण्याची नवी रीत त्यांनी शोधली आहे. त्या सुटकेच्या क्षणी प्रतीत होणाऱ्या भयात स्वतःच्या कृत्यांची जबाबदारी मिसळलेली असते, आणि हा स्वाद दृश्यकाव्याला ठाऊक नव्हता. दुसरा निष्कर्ष लोकप्रियतेविषयीचा आहे. ह्या प्रकाराला मोठा वर्ग मिळाला, ह्याने त्याची हानी झाली असे सरसकट म्हणता येत नाही. ‘सायलेंट हिल २’ला आणि ‘फ्रेडीज’लाही मोठाच वर्ग मिळाला. हानी झाली ती खेळणाऱ्याला खूश ठेवण्यासाठी त्याच्या हातात शस्त्र देत राहिल्याने.

म्हणून ह्या खेळांचे मूल्यमापन करताना ते किती भिववितात हा निकष अपुरा आहे. भिवविलेल्या माणसाच्या हातात ते काय ठेवतात, हे विचारले पाहिजे. काही खेळ भारलेली बंदूक ठेवतात. काही खेळ विझत आलेला कंदील ठेवतात, आणि त्याच्या उजेडात दिसेल तेवढेच पाहायला लावतात.